आमची बिलंदर आजी आणि सगळ्यांनी लिहून पाठवलेली ‘वात्सल्यमूर्ती’

झुळूक

आजी गेली त्याला आता काही आठवडे झाले. वय भरपूर होतं, शेवटही फार रेंगाळला नाही, त्यामुळे सांत्वनासाठी हा धागा काढलेला नाही. अडचण वेगळीच आहे.

घरच्यांनी मिळून तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. घरातल्या घरात वाटायची, बाकी काही नाही. "तू बरं लिहितेस" म्हणून संपादन माझ्या गळ्यात पडलं. सगळ्यांना निरोप धाडले, सगळ्यांनी मनापासून लिहूनही दिलं. ते एका बैठकीत वाचून काढलं आणि मला कळेना की ही बाई नक्की कोण. प्रेमळ, कष्टाळू, सोशिक, मायेची सावली, वात्सल्यमूर्ती, आयुष्यात कधी कुणाला दुखावलं नाही. वरचं नाव खोडून दुसऱ्या कुणाच्याही आजीचं घाला, चालून जाईल.

आमची आजी अशी नव्हती हो! प्रेमळ होती, पण पहिल्या नंबरची बिलंदर होती. आवाज बदलून फोन करायची. "बँकेतून बोलतेय, तुमच्या खात्यात फार पैसे साठलेत, जागा पुरत नाही, थोडे काढून न्या." माझा भाऊ नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात या फोनला फसला होता आणि घाबरून "हो मॅडम, उद्याच येतो" म्हणाला होता. प्रत्येकाला तिने नाव ठेवलेलं होतं आणि ते नाव इतकं चपखल असायचं की शेजारीपाजारीही तेच वापरायला लागायचे. विनोद सांगायला बसली की शेवटाच्या आधी स्वतःच हसत सुटायची, डोळ्यांतून पाणी, हाताने "थांबा थांबा", आणि मग ते तिथेच राहायचं. एक माणूस छत्री घेऊन विहिरीत उतरतो, वरून दुसरा त्याला विचारतो... याच्या पुढे तो विनोद कधीच गेला नाही. काय विचारतो ते आमच्या घरात कुणालाही माहीत नाही.

आणि पत्ते. पत्ते खेळताना तिची जागा ठरलेली. "मला इथे वारा लागतो" म्हणायची. कुणी बसलेलं असलं तर उठवायची. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा ती पाणी प्यायला आत गेली म्हणून मी तिच्या जागेवर जाऊन बसले. वारा काही नव्हता. समोर काचेच्या दारांचं कपाट होतं, आत काळी फाइल उभी लावलेली, आणि त्या काळ्यावर माझ्या आतेभावाच्या हातातले सगळे पत्ते स्वच्छ दिसत होते. बदामची राणी, चौकटचा गोटू, सगळं. मी बघतच राहिले. आजी मागे येऊन उभी होती. वाकून कानात म्हणाली, "दिसलं ना? आता पुढच्या डावात माझ्या बाजूला. आणि ती फाइल हलवू नकोस."

हे मी लिहून काढलं आणि काकांना वाचायला दिलं. काका म्हणजे आजीचा थोरला मुलगा. त्यांनी चष्मा काढला, कागद परत दिला आणि म्हणाले, "गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का? आणि माझी आई अशी नव्हती."

तर मंडळी, काय करू? किस्से काढले तर पुस्तिकेत आजीच उरत नाही. ठेवले तर काका दुखावतात. शिवाय चुलतभावाच्या डोक्यात आलंय की आजीचे जुने ऑडिओ मेसेज वापरून एआयने तिचा आवाज करायचा आणि प्रस्तावना तिच्याकडूनच वाचून घ्यायची. त्यावरही बोला.

रिकामटेकडा

कपाटाचा किस्सा पहिल्या पानावर घ्या. काकांना प्रूफ दाखवूच नका.

आणि वरचा विचारतो, "खाली पाऊस आहे का?"

उनाड

छे. वरचा म्हणतो, "अहो, ती छत्री माझी आहे!"

झुळूक, आजीला नमस्कार. अशी माणसं घरात एखादंच असतं आणि ते गेलं की घर एकदम शिस्तीत वागायला लागतं, हे फार वाईट.

निवृत्त मास्तर

मी थोडा काकांच्या बाजूने बोलतो. सगळे एका सुरात बोलले तर धागा कशाला काढायचा?

बोलणं वेगळं, छापणं वेगळं. घरात बसून हा किस्सा सांगितला तर ऐकणाऱ्याला ती बाई माहीत असते. तिने कुणासाठी काय काय उपसलं ते माहीत असतं, म्हणून फसवाफसवीचं हसू येतं. छापील पान वाचणाऱ्या पणतीला यातलं काहीच ठाऊक नसणार. तिच्या हाती फक्त "पत्त्यांत लबाडी करायची" एवढंच लागेल. विनोदाला मागची जमीन लागते. ती जमीन वाचणाऱ्याला दाखवणं हे तुमचं काम, आणि ते एका किश्शात होत नाही.

दुसरं, जरा कडू वाटेल. सगळ्यांना नावं ठेवणाऱ्या, सगळ्यांची फिरकी घेणाऱ्या माणसाच्या घरात एक तरी व्यक्ती अशी असते, जिच्या अंगावर ते विनोद जास्त पडलेले असतात. ती व्यक्ती हसण्यात सामील होते, कारण न होऊन सांगते कुणाला? तुमच्याकडे आलेल्या मजकुरात सगळ्यांत कमी कुणी लिहिलंय ते बघा.

झुळूक

मास्तर, लगेच जाऊन बघितलं. मोठ्या काकूचा मजकूर दोन वाक्यांचा आहे. "सासूबाई फार प्रेमळ होत्या. त्यांची उणीव भासते." आजीबरोबर एका छपराखाली सर्वांत जास्त काळ काकूच राहिली. आजीने तिचं नाव ‘इन्स्पेक्टर’ ठेवलं होतं, कारण ती झोपायच्या आधी घरातल्या सगळ्या कड्या तपासायची. आम्ही पोरं सर्रास "इन्स्पेक्टर आल्या" म्हणायचो. काकू हसायची. म्हणजे मला तरी हसल्याचं आठवतंय.

मनकवडी

वियोगातून जाणाऱ्या लोकांबरोबर काम करते, म्हणून थोडं त्या अंगाने लिहिते.

हसण्याबद्दल. १९९७ मध्ये डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञांनी जोडीदार गमावलेल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण सहा महिन्यांनंतर त्या लोकांना गेलेल्या जोडीदाराबद्दल बोलायला सांगितलं आणि चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचाली बारकाईने नोंदवल्या. बोलता बोलता जे खरंखुरं हसले, म्हणजे नुसते ओठ नव्हे तर डोळ्यांभोवतीचे स्नायूही हलले, त्यांच्यात राग कमी दिसला आणि आजूबाजूच्या माणसांशी त्यांचं नातं अधिक बरं होतं. आता हे जोडीदारांचं आहे, आजीचं नाही. आणि हसल्यामुळे बरं वाटलं की बरं होतं म्हणून हसू आलं, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. पण "शोकात हसणं म्हणजे अनादर" किंवा "आतलं दुःख दाबतायत" ही समजूत धरून बसायला आधार नाही, एवढं नक्की.

दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) म्हणून जे सगळीकडे फिरतं, ते मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलं ते मुळात मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवलं गेलं. त्यामुळे घरात कुणी आज रडतंय, उद्या किस्से सांगून लोळतंय, परवा पुन्हा गप्प, तर त्यात बिघडलेलं काही नाही. श्ट्रोब आणि शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये हेच म्हटलं होतं की माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत ये-जा करत राहतो, आणि ही ये-जाच त्याला सावरते.

काका कदाचित वेगळ्या टोकाला असतील. त्यांचं "माझी आई अशी नव्हती" हे वाक्य लोक काय म्हणतील या भीतीचं वाटत नाही मला. ते शब्दशः खरं असू शकतं. विचारून बघा.

आत्याबाई

मनकवडी बरोबर जागी बोट ठेवतेय. मी स्वतः आजी आहे, तेव्हा आतल्या गोटातली बातमी देते.

माझ्या नातवंडांना विचाराल तर मी धमाल आहे. गादीवर उड्या मारते, खोटी दातदुखी करून दाखवते, अभ्यासाच्या वेळी त्यांना लपवते. माझ्या मुलाला विचारा. तो म्हणेल आई कडक होती, वेळेवर न आल्यास दार उघडायची नाही. दोघंही खरं बोलतायत. मुलं वाढवत होते तेव्हा माझ्याकडे पैसा नव्हता, झोप नव्हती, आणि पोर बिघडलं तर बोल मला लागणार होता. हसायला सुद्धा मोकळा हात लागतो. नातवंडं आली तेव्हा जबाबदारी दुसऱ्याची आणि मजा माझी.

परवा मुलगा दारात उभा राहून आमचा धिंगाणा बघत होता. हसत होता, पण मध्येच म्हणाला, "आमच्या वेळी कुठे होती ही बाई?" थट्टेतच म्हणाला. मला दिवसभर टोचलं ते.

तुमच्या काकांना तुमची आजी मिळालीच नसेल, झुळूक. त्यांना फक्त आई मिळाली. आणि आता तुम्ही सगळे मिळून सांगताय की ती फार गमतीदार होती.

रिकामटेकडा

आत्याबाई, हे वाचून थोडा वेळ काही टाइप करावंसं वाटलं नाही. प्रूफ न दाखवण्याचा सल्ला मागे.

पोटमाळा

भावनिक बाजू जाणते लोक बघतील. मी घरातली जुनी कागदपत्रं, फोटो, टेपा सांभाळायचं काम हौसेने करतो, त्यामुळे आधी ते सांगतो जे उशीर झाला तर हातातून जाईल.

आजीचा मोबाइल कुणाकडे आहे? सिम बंद पडू देऊ नका. रिचार्ज न झालेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्याला देते. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं गेलं नाही तर ते काढून टाकतात. तिच्या फोनमधलं, आणि तुम्हा सगळ्यांच्या फोनमध्ये तिने पाठवलेलं, आत्ताच वेगळं काढा. चॅट एक्स्पोर्ट करताना मीडियासकट घ्या. ऑडिओ मेसेजच्या फाइलींची नावं नुसती आकड्यांची असतात, तेव्हा उतरवतानाच कुणाला आणि कशाबद्दल ते नावात लिहा. नंतर करू म्हटलं की होत नाही.

जुन्या कॅसेट असतील तर त्या पुन्हा पुन्हा वाजवून बघू नका. एकदाच नीट वाजवा आणि त्याच वेळी उतरवून घ्या. मूळ उतारा वॅव किंवा फ्लॅक या आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलींत ठेवा, वाटायला एमपीथ्री करा. सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी.

फोटो. चिकट पानांवर प्लास्टिक झाकणारे ते अल्बम फोटोंचे वैरी आहेत, त्यातला गोंद कालांतराने कागद खातो. निघत नसेल तर ओढू नका, अल्बममध्येच स्कॅन करा. छोटे फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे स्कॅनरवर बारकावा तेवढा वाढवून. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. चकचकीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे फोटो कागदी पाकिटात घालून पाकिटावर लिहा, पण फोटो आत घालायच्या आधी. बॉलपेनने लिहिलेलं पुढून उमटतं.

एआयच्या आवाजाबद्दल माझं मत: नको. तिने जे कधी म्हटलं नाही ते तिच्या आवाजात घरात शिरलं की पुढच्या पिढीला खरं कुठलं आणि बनवलेलं कुठलं ते कळायचं नाही. खरे मेसेज असताना नकली कशाला?

रिकामटेकडा

पोटमाळाशेठ, पण आवाज बदलून नातवाला फसवणारी बाई आहे ती! तिने स्वतःच उत्साहाने केलं असतं.

पोटमाळा

तिने केलं असतं हे मान्य. पण फोन ठेवायच्या आधी ती सांगायची ना की मीच आहे म्हणून? ते कोण सांगणार आता?

उनाड

बिनतोड.

मनकवडी

मजकूर मिळवण्याबद्दल थोडं. "आजीबद्दल लिहून द्या" म्हटलं की प्रत्येक जण शाळेतला निबंध लिहितो, त्यात लोकांचा दोष नाही. प्रश्न बारीक करा. आजी कशाबद्दल सहज खोटं बोलायची? कुठला शब्द तिच्याशिवाय कुणी वापरत नाही? तिला कुणाचा राग यायचा? ती घरात नसली की कुठला आवाज येत नसे? आणि लिहून मागू नका, फोन करा आणि बोलू द्या. बोलताना माणूस वात्सल्यमूर्ती म्हणत नाही.

आणि तिला तरुणपणी पाहिलेलं कुणी आहे का? बहीण, मैत्रीण, कुणीही. उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत दाट आठवतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तुमच्याकडचा सगळा मजकूर आजी झाल्यानंतरचा दिसतोय. त्याआधीची ती कोण होती ते तिच्या वयाच्या माणसाकडेच मिळेल, आणि ती माणसंही आता थांबणार नाहीत फार.

झुळूक

चार-सहा दिवसांनी येतेय. बरंच काही झालं.

आधी आजीच्या धाकट्या बहिणीला फोन केला. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे अर्धा वेळ मी ओरडत होते. मनकवडीचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, खोटं कशाबद्दल बोलायची म्हणून. त्या म्हणाल्या, "खोटं? अगं ती नकला करायची!" शाळेत आजी सगळ्या बाईंच्या नकला करायची. चाल, आवाज, खडू धरायची पद्धत. एकदा वर्गात नक्कल चालू असताना त्याच बाई दारात आल्या, आणि आजीने न थांबता नक्कल पुरी केली, मग जाऊन कोपऱ्यात उभी राहिली. "पुढे लग्न झालं आणि मग मी तिला नक्कल करताना बघितलंच नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, कुणाची करू, सगळे मोठे आहेत." मी सांगितलं की आमच्यासमोर ती सगळ्यांच्या करायची, तुमचीसुद्धा. पलीकडे एकदम शांतता. मग म्हणाल्या, "माझी कशी करायची? करून दाखव." मला येत नाही हो! फार वाईट वाटलं त्या क्षणी.

मग काकांकडे गेले. कागद न नेता. आत्याबाईंचं म्हणणं माझ्या शब्दांत त्यांना विचारलं, की तुम्हाला आजी आई म्हणून कशी आठवते. ते आधी "ठीक होती, आई होती" एवढंच म्हणाले. मग हळूहळू बोलले. अक्षर वाईट म्हणून रोज एक पान शुद्धलेखन करून घ्यायची. पान चांगलं झालं तर काही बोलायची नाही, वाईट झालं तर फाडायची आणि पुन्हा लिहायला लावायची. काकांचं अक्षर आजही छापल्यासारखं आहे. म्हणाले, "मला ती कधी घाबरलेली किंवा हसलेली दिसलीच नाही. तुम्ही लोक सांगता ती बाई मी लांबून पाहिली. तुमच्या खोलीतून हसण्याचा आवाज यायचा, मी आत आलो की तुम्ही सगळे गप्प व्हायचात. तीसुद्धा."

हे मात्र खरं आहे. काका आले की आजी पत्ते गोळा करायची.

काकांचं म्हणणं अजूनही तेच आहे की लबाडी छापू नये. पण शुद्धलेखनाचं लिहून देतो म्हणालेत.

आत्याबाई

लिहून घ्या. त्यांच्याच अक्षरात घ्या, टाइप करू नका. पान स्कॅन करून तसंच छापा.

निवृत्त मास्तर

आत्याबाईंना अनुमोदन. आणि झुळूक, ती मागची जमीन म्हणत होतो ना, ती हीच. शुद्धलेखनाचं पान आधी आणि कपाटातल्या काचेचं नंतर आलं तर पणतीला दोन्ही कळेल. माझा आक्षेप मिटला. काकांचा मिटला नाही तर मात्र त्यांचं ऐकायला हवं. तुम्हाला आजी हवी तशी मिळाली, त्यांना त्यांची आई जशी होती तशी तरी राहू द्या.

रिकामटेकडा

इथे मी मास्तरांशी वाद घालणार. काकांच्या पानावर काकांचा हक्क, मान्य. झुळूकच्या पानावर झुळूकचा. प्रत्येक पानाखाली लिहिणाऱ्याचं नाव आणि नातं टाका. थोरला मुलगा. नात. सून. धाकटी बहीण. एकाच बाईबद्दल चार माणसं चार गोष्टी सांगतायत, वाचणारा काय ते समजून घेईल. सगळ्यांना पटेल अशी एकच आजी काढायला गेलात तर पुन्हा वात्सल्यमूर्तीच होणार.

काकूंचं काय झालं? ते सांगायचं राहिलं.

झुळूक

काकूचं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

ती आधी काही बोलेचना. मी म्हटलं, आम्ही पोरं तुला इन्स्पेक्टर म्हणायचो, तुला राग यायचा का? ती म्हणाली, "तुमचा नाही यायचा." एवढं बोलून तिने चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, सुरुवातीची काही वर्षं फार लागायचं. पाहुण्यांसमोर आजी म्हणायची, आमच्या इन्स्पेक्टरला विचारा, सगळे हसायचे. घरी जाऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, थट्टाच करते ना, मारत तर नाही.

एकदा काकू बरीच आजारी पडली आणि अंथरुणाला खिळली. रात्री तिला जाग आली तर आजी काठी टेकत एकेक कडी तपासत होती. पुढचं दार, मागचं दार, खिडक्या, गॅस. मग काकूच्या दाराशी येऊन सॅल्यूट ठोकला आणि म्हणाली, "सगळं बंद आहे, साहेब." दोघी हसल्या. काकू म्हणाली, "त्या दिवसापासून राग गेला असं नाही हं. अधूनमधून यायचाच. पण मग ते नाव दोघींचं झालं."

मी विचारलं, हे लिहू का? तर म्हणाली, "मी लिहीन. तू हात लावायचा नाही, शुद्धलेखनसुद्धा नाही. ते तुझ्या काकांकडे दे."

उनाड

काकूंचं पान सगळ्यांत भारी होणार. आजीला टक्कर द्यायला घरात कुणीतरी होतं म्हणायचं.

मनकवडी

"राग गेला असं नाही" हे त्यांच्या पानात राहू दे. असं वाक्य गाळायची फार इच्छा होते घरच्यांना.

पोटमाळा

मोबाइलचं झालं का? बाकी सगळं थांबेल, ते थांबणार नाही.

झुळूक

झालं. सिम चालू ठेवलंय, चॅट काढून घेतले. ऑडिओ मेसेज अपेक्षेपेक्षा खूप निघाले, बहुतेक चुकून पाठवलेले. बटण दाबलेलं राहिलं असणार. त्यात ती मागे कुणाशी तरी बोलतेय, भांडी वाजतायत, गुणगुणतेय. एकात ती स्वतःशीच म्हणतेय, "हे बंद कसं करायचं कोण जाणे." चुलतभावाने ते सगळे ऐकले आणि एआयचा विषय त्याने स्वतःच सोडला.

आता उरलेला प्रश्न अगदी किरकोळ. फोटोंत तिचा एक फोटो आहे, जीभ बाहेर काढलेली, डोळे तिरळे. काका सोडून सगळ्यांना तो मुखपृष्ठावर हवाय.

रिकामटेकडा

मलपृष्ठावर टाका.

आत्याबाई

मलपृष्ठ चालेल. आणि मुखपृष्ठावर काकांना निवडू दे कुठला हवाय तो. ते कुठला निवडतात ते सांगा मात्र इथे येऊन.

पोटमाळा

मागे तारीख असेल तर तीही बघा, आणि काढणाऱ्याचं नाव मिळालं तर लिहून ठेवा. असा फोटो काढताना समोर कोण उभं होतं हे कुणीच कधी लिहीत नाही.

झुळूक

पोटमाळा, मागे फक्त "वारा लागत होता" एवढं लिहिलंय, तिच्याच अक्षरात. बॉलपेनने.